राऊंड फिगरचा मोह

जुलैतला शुक्रवार. जे. पी. रोडवर गाडी रांगतेय, डोक्यावरून 2014 पासून धावणारी मेट्रो वर्सोव्याला सुसाट. सात बंगल्याच्या आधी टाकी फुल्ल केलीत आणि यारी रोडला वळताच डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटलं. टेन्शन नको, बॉस!

मित्र म्हणेल, 'झाकण घट्ट लाव.' लावा, पण हा सल्ला मूळचा अमेरिकेतला. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळतेय का तेही तपासतात, आपल्याकडच्या क्वचितच. इथे पावसाळ्यात पहिला संशय पेट्रोलवरच. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि ते पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, पंप तेच इंजिनाला पाजतो. गाडी थरथरते.

दिवा लुकलुकतोय? कोळीवाड्यापर्यंतही जाऊ नका, तिथेच कडेला घ्या. न जळलेलं पेट्रोल महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं. पंपाचं बिल जपा.

दिवा स्थिर, गाडी नॉर्मल? सावकाश घरी जा, सकाळी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. कोड न बघताच 'सेन्सर गेला' म्हणणारा मेकॅनिक टाळा.

आणि नोझल आपोआप थांबल्यावर 'राऊंड फिगर करू?' विचारलं, तर नको म्हणा. वरचं पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं. तो डबा फक्त वाफेसाठी असतो.