हमीचं कार्ड आणि सरसाचा सांधा

कळमनुरीत पंखा घ्या, मिक्सर घ्या, नाहीतर विहिरीवरची मोटार घ्या. दुकानदार खोक्यातून एक कार्ड काढतो, तारीख टाकतो, शिक्का मारतो. ते कार्ड घरी येऊन रेशनकार्डाशेजारी पडतं. मोटार जळते तेव्हा त्याची मुदत नुकतीच संपलेली असते. देवळात खुंटीला टांगलेल्या वीणेला मात्र असलं कार्ड कधीच नसतं. ती कुणी आणली, कुठून आणली, हे सांगणारंही बहुतेक वेळा कुणी उरलेलं नसतं. तरी ती वाजते.

आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा जमिनीला टेकू न देणं. पहाऱ्यांची यादी भिंतीवर लागते. एका विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला डोळे मिटत असतात, पण बोट तारेवरून फिरत राहतं. नामदेवांची नर्सी याच हिंगोली जिल्ह्यातली. नामाचं आणि तारेचं नातं इथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. काल्याचं कीर्तन झालं की वीणा पुन्हा खुंटीवर जाते आणि उरलेलं वर्ष तिच्याकडे कुणी बघत नाही. तिची खरी हानी या वर्षभरात होते. वाजवून वाद्य जेवढं झिजतं, त्याहून जास्त ते टांगून ठेवल्याने बिघडतं.

कयाधूच्या पट्ट्यातला उन्हाळा लाकडाला सोसवत नाही. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, हवेतली ओल संपते आणि लाकूड आटतं. ते लांबीत फारसं आटत नाही, रुंदीत आटतं. म्हणून तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ फळीला, चीर जाते ती रेषेच्या दिशेने, उभी. मृग लागला की तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. खुंट्या उन्हाळ्यात सैल पडतात, पावसाळ्यात हलत नाहीत. दांडी आणि भोपळा जिथे भेटतात तो सांधा दरवर्षी थोडा उघडतो, थोडा मिटतो. एखाद्या वर्षी मिटायचं विसरतो. राहिलेलं काम उंदीर करतात. वाळलेला भोपळा त्यांना वर्ज्य नाही.

मग सप्ताह चार दिवसांवर आलेला असताना दुरुस्ती निघते. सांध्यात खिळा ठोकला जातो, चिरेत एम-सील भरलं जातं आणि सगळं झाकायला वरून तांबड्या ऑइलपेंटचा हात फिरतो. वीणा लग्नातल्या करवलीसारखी चकाकते आणि आवाजाने मुकी होते. पातळ तबली थरथरते म्हणून नाद निघतो. तिच्यावर रंगाचा जाड थर चढला की ती थरथर तिथेच मरते. खिळ्याने धरलेला सांधा पुढच्या उन्हाळ्यात खिळ्याच्या बाजूने फाटतो.

जुने कारागीर सांधा सरसाने जोडत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो घट्ट धरतो, पण ऊब आणि ओल दिली की सुटतोही. आज हा त्याचा दोष वाटेल, कारण बाजारातला प्रत्येक गोंद कधीच न सुटण्याची जाहिरात करतो. सरस लावणाऱ्याने मात्र मनाशी धरलेलं असतं की हे वाद्य आपल्यानंतर कुणीतरी उघडणार आहे, आणि त्या अनोळखी माणसाची वाट त्याने मोकळी ठेवलेली असते.

साता समुद्रापलीकडेही हेच सापडतं. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आमची मुलं सुटीत पाठीवर गिटार घेऊन एसटीतून उतरतात, तेव्हा मला त्या वाद्याच्या मानेचा सांधा आठवतो. अमेरिकेत मार्टिन नावाची गिटारची कंपनी 1833 पासून आहे. तिच्या जुन्या गिटारींची मान खाचेत बसवून सरसानेच चिकटवलेली असते. पोलादी तारांचा ताण 70 ते 80 किलोंचा. तो रात्रंदिवस ओढत राहतो. काही दशकांनी मान पुढे झुकते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, बोटं दुखू लागतात. मग कारागीर एक पडदा काढतो, त्याखाली बारीक भोक पाडून सांध्यात वाफ सोडतो. सरस विरघळतो, मान सुटून हातात येते. टाचेकडचं लाकूड कागदाइतकं तासून तो ती नव्या कोनात बसवतो. पन्नास-साठ वर्षांची गिटार पुन्हा बोटाखाली येते.

ही कंपनी आयुष्यभराची हमी देते, पण पहिल्या खरेदीदाराला. वाद्य मुलाकडे गेलं, विकलं गेलं, की हमी संपली. शिवाय कोरड्या हवेने आणि उष्णतेने झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत; म्हणजे कळमनुरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती निकालात निघणार. कागदावरची हमी माणसाच्या नावाने असते आणि जुनं वाद्य तर अनेक हात बदलूनच जुनं झालेलं असतं. गंमत अशी की 1969 पासून याच कंपनीने ब्राझीलच्या लाकडाऐवजी भारतातला शिसव वापरायला घेतला. लाकूड आपल्याकडून गेलं, हमी तिकडेच राहिली.

आपल्याकडची हमी तंतुवाद्यं करणाऱ्या मिरजेत आहे. इथून तिथला रस्ता लांबचा: परभणी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर. लातूर ते मिरज एकेकाळी बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी धावायची. वाद्यांचे भोपळे याच वाटेवरच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातून मिरजेला जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हत्यारं घासण्याचं काम सोडून सतार-तंबोरे करायला घेतले. त्या घराण्याचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि इथल्याच दर्ग्यात विसावले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण मानांकनाच्या कागदापेक्षा जवारी काढणारा कारागीर पाहावा. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर तारेनेच खाच पाडलेली असते, म्हणून आवाज बोथट झालेला असतो. कारागीर घोडी कानसेने हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि एका जागी नाद अचानक फुलतो. ही जागा मोजपट्टीवर सापडत नाही. ती कानात असते, आणि कान बापाकडून मुलाकडे येतो. शे-दीडशे वर्षांचा तंबोरा आणा, घेणारा कोण, पावती कुठे, असं इथे कुणी विचारत नाही.

ही हमी एका अटीवर चालते: काम येत राहिलं पाहिजे. गायकाच्या शेजारी आता फोनमधला तंबोरा असतो, आणि तो कधी बेसूर होत नाही म्हणून त्याला कारागीर लागत नाही. सप्ताहात मात्र फोन गळ्यात अडकवून पहारा देता येत नाही. त्यामुळे गावोगावची विणेकरी मंडळी हीच या धंद्याची भरवशाची गिऱ्हाइकं ठरू शकतात.

म्हणून सप्ताहाची वर्गणी जमवाल तेव्हा मंडप आणि स्पीकरच्या खर्चातून एक वाटा वीणेसाठी बाजूला काढा. काला झाला की तारा थोड्या उतरवा, उन्हाच्या भिंतीला टांगू नका. चीर दिसली तर खिळा, एम-सील आणि ऑइलपेंट यांतलं काहीही लावू नका. वीणा तशीच कापडात गुंडाळा आणि आषाढीला पंढरपूरला जाताना बरोबर घ्या. मिरज तिथून पुढे फार लांब नाही.