ड्रेकचे पाणी
(अंटार्क्टिकाची दैनंदिनी : लेखांक चौथा)

ही दैनंदिनी छापायला लागल्यापासून जी पत्रे येतात, त्यांत पेंग्विनांपेक्षा माझ्या पोटाची चौकशी जास्त असते. बोट लागली का? किती लागली? काय घेतलंत? म्हणून या वेळी बर्फ बाजूला ठेवते आणि वहीतली तेवढीच पाने उतरवते.

शनिवार, उशुआया

जहाज संध्याकाळी सुटणार, म्हणून दुपारीच मेक्लिझिनची गोळी घेऊन टाकली. हे औषध त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावे लागते. एकदा मळमळायला लागले की जठराचे काम मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते, किंवा आल्या वाटेने परत जाते. आमच्या गटातल्या नाशिकच्या काकूंनी कानामागे स्कोपोलामिनची पट्टी लावली आहे. ती तीन दिवस चालते. तोंडाला कोरड पडते, आणि पट्टी हाताळलेले बोट चुकून डोळ्याला लागले तर बाहुली मोठी होऊन अंधूक दिसते. काचबिंदूवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये. हे द्रव्य धोतऱ्यात असते असे मी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, “म्हणजे महादेवाचंच की!” (यावरून कुणी धोतरा चघळू नये. तो विषारी आहे, आणि पचवायला महादेवच लागतो.)

ह्यांनी काही घेतले नाही. वरंध घाटात, एसटीच्या मागच्या बाकावर बसून, सबंध वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारा हा माणूस.

बीगल चॅनलमध्ये पाणी अगदी गुणी होते. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे वारा लागत नाही. चॅनलला नाव मिळाले ते बीगल या जहाजावरून. त्याच जहाजावर १८३१ ते १८३६ चार्ल्स डार्विन होता, आणि जवळजवळ पाच वर्षांत त्याला समुद्र कधी सोसला नाही. झोळीत आडवा पडून मनुका खायचा. घरी परतल्यावर त्याने ब्रिटनचा किनारा पुन्हा सोडला नाही. यावरून धीर धरावा की सोडावा, ते ठरेना.

जेवणाआधी सूचना झाल्या. कॅमेरे जमिनीवर ठेवा, खण बंद करा, दाराच्या चौकटीत बोटे घालू नका, चालताना एक हात कायम कठड्याला. जेवून बाहेर येतो तो कठड्यात थोड्याथोड्या अंतरावर कागदी पिशव्या खोचलेल्या. त्यांच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

रविवार, ड्रेक पॅसेज (लिहिले सोमवारी)

मध्यरात्रीनंतर कधीतरी डोंगरांची सावली संपली. पलंगावरून डोके खाली आणि पाय वर, मग पाय खाली आणि डोके वर. टेबलावरची पाण्याची बाटली घरंगळत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. ती उचलायला उठले आणि तिथेच पहिली पिशवी लागली.

दक्षिण अमेरिकेचे टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधले हे सुमारे आठशे किलोमीटर पाणी. या अक्षांशांवर सबंध पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवणारी जमीन नाही. पश्चिमेचे वारे मोकाट सुटतात आणि त्यांच्या जोरावर लाटा मैलोगणती वाढत येतात. खालून अंटार्क्टिकाभोवती फिरणारा सागरी प्रवाह जातो. जगातल्या सगळ्या नद्यांचे पाणी एकत्र केले तरी तो त्याच्या शंभरपटीहून मोठा. आम्ही दक्षिणेकडे चाललेलो, लाटा पश्चिमेकडून येणाऱ्या, म्हणजे जहाजाच्या थेट कुशीत. म्हणून हे कुशीवर कुशी बदलणे.

दुपारी जहाजाचे डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले. दिवसभर हेच काम असूनही त्यांची बोलायची हौस कमी झाली नव्हती, आणि मला पळून जाता येत नव्हते. त्यांचे म्हणणे, यात पोटाचा काही दोष नाही. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि कॅल्शियमचे बारीक कण. डोके कुठे झुकले, कुठे उचलले गेले, हे ते मेंदूला कळवतात. केबिनमध्ये डोळा सांगतो की भिंत जागच्या जागी आहे. कान सांगतो की आपण पडतो आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि शिक्षा पोटाला होते. साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा असेल तर तो सगळ्यांत वाईट. जहाजाला नेमकी तीच चाल आवडते.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी आडवी असतानाही कान देऊन ऐकली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अंतराळप्रवासाची तयारी चालली असताना गॅलॉडेट या बधिरांच्या कॉलेजातल्या अकरा जणांवर प्रयोग सुरू झाले. बहुतेकांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती, आणि तिच्याबरोबर आतल्या कानातले ते तोलाचे यंत्रही. त्यांना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेले. हे लोक पत्ते खेळत बसले आणि त्यांचा अभ्यास करायला आलेले शास्त्रज्ञच ओकून ओकून बेजार झाले.

ज्याचा कान निकामी, त्याला बोट लागत नाही. म्हणजे मी जी कळ सोसत होते ती माझ्या शरीराची पडती बाजू नव्हती. यंत्र चोख चालल्याची पावती होती. ही पावती पिशवीतच घ्यायची होती, एवढेच.

उपयोग कशाचा झाला, ते लिहून ठेवते. उताणे पडून डोके उशीत रोवायचे आणि डोळे मिटायचे, म्हणजे निदान एक साक्षीदार गप्प बसतो. आमची केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ होती. स्वस्त असते आणि तीच कमी हलते. पैसेवाले वरच्या मजल्यांवर जास्त झोके खात होते, हेही एक समाधान. कोरडी बिस्किटे आणि हिरवी सफरचंदे जहाजवाले जागोजागी ठेवतात. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. डेकवर जाऊन क्षितिज बघावे असे सगळे सांगतात आणि ते खरे आहे, पण त्या वाऱ्यात डेक बंद होते. आलेपाक नेला होता. आल्यावर डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० कॅडेटांवर झालेला अभ्यास १९८८ साली छापून आला आणि त्यात उलट्या कमी झालेल्या दिसल्या. माझ्या उलट्यांना ते कुणी सांगितले नव्हते. तोंडाची चव मात्र सुधारली. नाशिकच्या काकांनी मनगटाला तो दाबाचा पट्टा बांधला होता, मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर. त्याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी पटत नाहीत. पण काकांना बरे वाटत होते, आणि ओकणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला हात लावू नये.

हे सकाळी जेवणघरातून आले. “अगं, ऑम्लेट काय सुंदर होतं! आणि सगळं टेबल रिकामं.”

“अहो, तुम्ही आधी बाहेर व्हा.”

सोमवार, ड्रेकच्या पलीकडे

दुपारी धुके आले. उत्तरेचे जरा उबदार पाणी आणि अंटार्क्टिकाचे थंड पाणी जिथे भेटते तो पट्टा आम्ही ओलांडला. पाण्याचे तापमान काही अंशांनी उतरते. लाटाही मंदावल्या. सूप प्यायले. राहिले.

बहुतेकांच्या मेंदूला समुद्र शिकायला दोन-तीन दिवस लागतात. ड्रेक ओलांडायला दोन दिवस. अभ्यास पुरा होतो तोवर परीक्षा उरकलेली असते.

(इथली मधली पाने वगळते.)

शुक्रवार, परतीचा ड्रेक

लाटा जाताना होत्या त्याहून मोठ्या, असे जहाजावरचे लोक म्हणाले. मी जेवणघरात जाऊन भात खाल्ला. जहाज झुकले की माझे गुडघे मला न विचारता वाकतात. काकूंचा ग्लास टेबलावरून निघाला तो मी बोलता बोलता अडवला. डार्विनला जे पाच वर्षांत जमले नाही ते मला जमले, याचा गर्व दिवसभर पुरला.

रविवार, उशुआया

हॉटेलच्या न्हाणीघरात भिंत अंगावर आली.

धक्क्यावर उतरताना ठीक होते. खोलीत उभी राहिले आणि फरशी हळूच वर उचलली गेली, मग खाली. मळमळ नाही, गरगर नाही, नुसता झोका. डोळे मिटून तोंड धुताना बेसिन दोन्ही हातांनी धरावे लागले. बोट लागायची थांबली आणि जमीन लागली. मेंदूने मोठ्या कष्टाने जहाजाचा हिशेब पाठ केला होता. जहाज गेले तरी तो तोच हिशेब मांडत बसला होता.

विमानतळाकडे जाताना टॅक्सीत सगळे थांबले. उतरले, पुन्हा सुरू.

बुधवार, पुणे

विमानात बरी होते. घरी ओट्यापाशी पोळ्या लाटायला उभी राहिले की ओटा झुलतो. कान-नाक-घशाची डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, मेक्लिझिन घेऊ नकोस, या झोक्याला त्याचा फारसा उपयोग नाही. पडून राहू नकोस, चाल. बहुतेकांचे एक-दोन दिवसांत जाते, कुणाचे थोडे लांबते. महिनाभर राहिले तर ये. तो वेगळा आजार, चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत जास्त दिसतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१४ साली त्यावर एक उपचार मांडला : अंधाऱ्या खोलीत सरकते पट्टे बघत बसायचे आणि डोके ठराविक लयीत डोलवायचे. मला तितकी पाळी येणार नव्हती, झोके विरळ होत चालले होते.

संध्याकाळी भाजीला निघाले. लक्ष्मी रोडपर्यंत रिक्षाने गेले. सगळ्या खड्ड्यांसकट फार आराम वाटला. परत आले तर हे दिवाणखान्यात दाराची चौकट धरून उभे.

“अगं, आत्ता भूकंप झाला का?”

“नाही.”

“उशुआयातही झाला होता बहुतेक. तुला म्हटलं नाही, उगाच घाबरशील.”

मी पिशवी खाली ठेवली. “अहो, बसा. ऑम्लेट करते.”

ह्यांनी नको म्हणून मान हलवली, आणि लगेच चौकट आणखी घट्ट धरली.

(पुढच्या लेखांकात : डिसेप्शन बेट, आणि पेंग्विनांच्या वस्तीचा वास.)