कमरेची पक्कड

नाट्यगृहात लाइटचं काम करणारा नवा मुलगा भेटला की त्याच्या कमरेला काय लावलंय हे मी आधी बघतो. कुणाकडे टेस्टर आणि टेप असते, कुणाकडे नुसता चाकू. हल्ली बऱ्याच जणांकडे छोट्या पाकिटात मिटून ठेवलेलं मल्टिटूल असतं. उघडलं की पक्कड, आणि दांड्यांत चाकू, कानस, करवत, स्क्रू ड्रायव्हर. 'कुठलं घेऊ?' असं मला विचारलं जातं, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: पाती मोजू नका, आधी पक्कड बघा.

हे मत घरातूनच आलं. वडील वायरमन होते. त्यांच्या कॅनव्हासच्या पिशवीत हत्यारं मोजकीच, पण पक्कडीचा मान मोठा. कामाला निघण्यापूर्वी ते तिच्या दांड्यांवरच्या जाड आवरणावरून अंगठा फिरवत, कुठं बारीकशी चीर पडलीय का ते बघत. मग तिचं तोंड मिटून ती खिडकीसमोर धरत. टोकांमधून उजेड दिसला तर ती पक्कड बारीक तार धरणार नाही. दुकानात अजूनही मी पक्कड अशीच उजेडाला धरतो.

कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू असताना मामानं लाल स्विस चाकू दिला. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत बसून त्याच्या चिमुकल्या कात्रीनं मी दिव्यांसाठी किती रंगीत जिलेटिन कापलं असेल! हा चाकू मुळात सैनिकांचा. कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकाला डबा उघडायचा असे आणि रायफल खोलायची असे, म्हणून डबा उघडायचं पातं आणि स्क्रू ड्रायव्हर त्यात आले. पुढं १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवली होती. ही कारागिरी मला आजही थोर वाटते. पण माझ्या चाकूत पक्कड नव्हती, आणि रंगमंचावर दर थोड्या वेळानं काहीतरी धरावं, पिळावं, ओढावं लागतं.

ही उणीव टिम लेदरमन या अमेरिकन माणसाला १९७५ साली जाणवली होती. पत्नीसोबत जुन्या फियाटमधून युरोप हिंडताना गाडी सारखी कुरकुरायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि खिशात साधा चाकू. पक्कड हवी होती. घरी परतल्यावर त्यांनी ती चाकूत बसवायचा ध्यास घेतला. त्यांचं पहिलं मल्टिटूल बाजारात यायला १९८३ साल उजाडलं. गरज आधी आणि वस्तू नंतर, म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर जाऊ लागलो तेव्हा मीही पक्कडवालं घेतलं. शिडीवर उभं राहून हजार वॅटचा पार दिवा बांधताना एक हात पाइपवर असतो, कामाला उरतो एकच. त्या हातानं हत्यार निघालं पाहिजे, उघडलं पाहिजे, आणि पातं खटकन अडकलं पाहिजे. न अडकणारं पातं जोर दिला की बोटांवर मिटतं. १९९८ मध्ये आलेल्या लेदरमन वेव्हची पाती बाहेरच्या बाजूनं, एका हातानं उघडता येत होती. शिडीवरच्या माणसाला त्याचं मोल विचारा! वजन मात्र पाव किलोच्या आसपास. त्याहून जड घेतलं की दोन दिवसांत ते कमरेवरून बॅगेत जातं आणि ऐन वेळी हाताशी नसतं. शिडीवर नेताना त्याला दोरी हवीच. खाली नट उभे असतात.

काही कामं त्याला सांगूच नयेत. क्लॅम्पचा बोल्ट पान्ह्यानंच आवळावा, पक्कडीनं त्याचे कोपरे झिजतात. विमानानं जाताना ते सामानात टाकावं, केबिनमध्ये पातं चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मल्टिटूलच्या दांड्या उघड्या पोलादाच्या असतात. वडील ज्या आवरणावरून अंगठा फिरवायचे, ते इथं नाहीच. देखणी, महागडी वस्तू हातात आली की नव्या मुलांना तिच्याबद्दल भलता भरवसा वाटू लागतो, आणि मला त्यांची काळजी वाटते. म्हणून हौसेनं घ्या, चांगलं घ्या, रोज वापरा. पण विजेच्या तारेला हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा, टेस्टर लावून बघा, आणि तिथं आवरणाचीच पक्कड वापरा.