एका आडनावाचं गाव

मैत्रिणींनो, लग्न होऊन सासरी आलं की आपण नवं आडनाव लावतो. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर ते चढतं आणि हळूहळू आपलंच होऊन जातं. पण एखादं आडनाव सबंध शहरावर चढलेलं पाहिलंय तुम्ही? मी पाहिलं, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात. आडनाव आहे ‘फुगर’. हसू नका हं! आपल्याला फुगा आठवतो खरा, पण या नावाच्या दारात एके काळी युरोपातले राजेमहाराजे कर्जासाठी येत.

माझे धाकटे दीर म्युनिकला असतात. मे महिन्यात शाळेला सुटी लागली तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तिथून ऑग्सबर्ग आगगाडीने तासाभराच्या आत. गावात शिरलं की एक रस्ता फुगरांच्या नावाचा. हमरस्त्यावर 1512 ते 1515 या काळात बांधलेले फुगरवाडे. सेंट ॲना चर्चमध्ये फुगरांचं प्रार्थनामंदिर. 1954 साली याच नावाची खासगी बँकही शहरात निघाली. इतकंच काय, इथल्या फुटबॉल संघालासुद्धा ‘फुगरनगरीवाले’ म्हणतात. हे नाव पार स्पेनपर्यंत गेलं. माद्रिदमध्ये ‘फुकार’ नावाची गल्ली आहे, आणि स्पॅनिश भाषेत फुकार म्हणजे गडगंज श्रीमंत माणूस. आपण ‘कुबेर’ म्हणतो ना, तसं.

या कुबेरांचा मूळपुरुष मात्र साधा विणकर. हान्स फुगर 1367 साली जवळच्या ग्राबेन खेड्यातून इथे आला. आता गंमत ऐका. त्याला ऑग्सबर्गचं नागरिकत्व मिळालं ते बायकोमुळे! क्लारा ही गावातली मुलगी. तिच्याशी लग्न केलं म्हणून तो गावचा झाला. ती गेल्यावर त्याने एलिझाबेथशी लग्न केलं. पुढे हान्स वारला, तेव्हा मुलं हाताशी येईपर्यंत आणि त्यानंतरही, 1436 मध्ये मरेपर्यंत, व्यवहाराची सूत्रं एलिझाबेथनेच सांभाळली. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. धाकटी सून बार्बरा टांकसाळीच्या अधिकाऱ्याची लेक. 1469 साली तिचा नवरा गेला. पदरात पोरंबाळं. रडत न बसता तिने जवळजवळ अठ्ठावीस वर्षं धंदा राखला, वाढवला. तिची थोरली जाऊ ज्या घरात पडली त्या शाखेचं दिवाळं निघालं; बार्बराची शाखा तरली. तिचाच धाकटा मुलगा म्हणजे इतिहासातला ‘धनवंत’ याकोब फुगर.

या याकोबाचा पसारा सांगायचा तर अंक पुरणार नाही. टिरोलच्या खाणींतली चांदी, हंगेरीतलं तांबं, राजांना कर्जं. 1519 साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून यावा यासाठी जो पैसा उधळला गेला, त्यातले सुमारे साडेपाच लाख गुल्डेन याकोबाचे होते. आणि आपला संबंध? तोही आहे! पोर्तुगीज मिरी घ्यायला मलबारला यायचे आणि मोबदल्यात तांबं द्यायचे. 1533च्या सुमारास हिंदुस्थानकडे निघालेलं एक पोर्तुगीज जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याशी बुडालं. 2008 साली नामिबियात ते सापडलं, तेव्हा त्यात टनावारी तांब्याचे गोळे निघाले. त्यांवर फुगरांचं त्रिशूळचिन्ह! त्याआधी सुखरूप पोचलेल्या तांब्याच्या कुणाच्या घरी घागरी झाल्या असतील, कोण जाणे.

पण खरं सांगू? वाडे बघून मन भरलं नाही. मन रमलं ते फुगराईत. नाव ऐकून आमराई आठवली ना? ही आहे गरिबांसाठी बांधलेली वस्ती. तटाची भिंत, आत पिवळसर रंगाची सदुसष्ट घरं, भिंतींवर वेली, मधून स्वच्छ गल्ल्या. घरं दुमजली, पण वरच्या बिऱ्हाडाचा जिना वेगळा आणि दार रस्त्यावर उघडणारं. म्हणजे प्रत्येकाला आपला उंबरठा! चाळीत दिवस काढलेल्या बाईला याचं मोल सांगायला नको. दाराच्या घंटेची कडी प्रत्येक घराला निराळ्या आकाराची. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपून आपलं दार ओळखायचं.

1521च्या दानपत्रात ठरलेलं भाडं वर्षाला एक गुल्डेन. आजही तेच, म्हणजे वर्षाला 88 युरो-सेंट! महिन्याला नव्हे, वर्षाला. (वीज, शेगडीची ऊब वगैरे खर्च ज्याचा त्याने करायचा.) बघायला येणाऱ्यांचं तिकीट याच्या कितीतरी पट. शिवाय रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. रात्री दहाला वेस बंद. उशीर झाला तर पहारेकऱ्याला पन्नास सेंट, मध्यरात्रीनंतर एक युरो. साधारण दीडशे माणसं राहतात. मोझार्ट या थोर संगीतकाराचे पणजोबा गवंडी होते, तेही इथेच राहत. 1944च्या बाँबहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग पडला. पुन्हा तशीच उभारली. खर्च चालतो तो मुख्यतः संस्थेच्या जंगलांच्या उत्पन्नावर.

ही घरं भिकाऱ्यांसाठी नव्हती. कष्ट करणाऱ्या पण अडचणीत आलेल्या कारागीर-मजुरांसाठी होती. याकोबाला हे कसं सुचलं असेल? मला आपलं वाटलं, घरातूनच. बार्बराचे वडील 1444 मध्ये कर्जात बुडाले होते. चांगलं चाललेलं घर कसं खाली येतं, हे आईने मुलाला सांगितलं नसेल?

वेशीवरचा लॅटिन शिलालेख आहे 1519चा. त्यावर उलरिख, गेओर्ग आणि याकोब या तिघा भावांची नावं आहेत. आईचं नाही. क्लाराचं नाही, एलिझाबेथचं नाही. ज्यांनी ते आडनाव गावात रुजवलं आणि पडत्या काळात धरून ठेवलं, त्या तिघी बाहेरून आलेल्या सुना!

तुमच्यापैकी कुणाची मुलं-लेकी जर्मनीत असतील आणि जाण्याचा योग आला, तर म्युनिकहून एक दिवस काढाच. फुगराईत दाखवण्यासाठी एक बिऱ्हाड मांडून ठेवलंय; तिथलं छोटंसं स्वयंपाकघर पाहायला विसरू नका. आणि येताना वेशीवरची पाटी वाचाल तेव्हा मनातल्या मनात तीन नावं जोडा: क्लारा, एलिझाबेथ, बार्बरा.