केळीच्या पट्ट्यात स्टॅटिस : दोन गुंठ्यांचा हिशोब



खालच्या वावरात केळीच्या कडेला ती जांभळी कागदासारखी फुलं कसली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. फोनवर किती वेळा सांगणार, म्हणून आज निवांत लिहितो. जरा लांब होईल. पण ज्याला खरंच लावायचं आहे त्याने शेवटपर्यंत वाचा, कारण फायदा लिहिला तेवढीच अडचणही लिहिली आहे.

फुलाचं नाव स्टॅटिस. लग्नाच्या स्टेजवर, बुकेमध्ये गुलाबाच्या मधी जी जागा भरतात त्यात हे असतं. हे भरणीचं फूल आहे, गुलाबासारखं राजा फूल नाही. मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. आपल्या बांधावरचा औषधी चित्रक माहीत आहे ना? त्याच्याच कुळातलं हे. शास्त्रीय नाव लिमोनियम सिन्युॲटम. सिन्युॲटम म्हणजे नागमोडी, पानाची कड तशी असते म्हणून.

लहानपणी झाड थेट मुळ्यासारखं दिसतं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात. डिसेंबरात शेजारचे नाना बांधावर उभं राहून म्हणे, "काय लावलं भो हे? मले वाटलं मुळा हाये." मी म्हटलं, "मुळा नाही नाना, फूल हाये." तर म्हणे, "फूल कुठी हाये त्याले?" खरंच नव्हतं. दोन महिने नुसती पानं. फेब्रुवारीत मधून दांडे निघाले. दांड्याला दोन्ही बाजूंनी पातळ पंखासारखी पट्टी असते आणि वर रंगाचे झुबके.

आता यातली गंमत ऐका. आपण ज्याला फूल म्हणतो तो जांभळा भाग खरं फूल नाहीच. तो फुलाच्या बाहेरचा कोश, कागदासारखा कोरडा. खरं फूल त्याच्या आत, बारीक पांढरं. ते थोड्या दिवसांत सुकून जातं. कोश मात्र तसाच राहतो, रंगासकट. हात फिरवला तर ताजं असतानाही कुरकुर आवाज येतो. म्हणूनच हे फूल वाळवलं तरी फारसं बदलत नाही. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आपला मुक्ताईनगर तालुका केळीचा. मीही केळीवालाच आहे आणि राहणार. पण केळीला आपल्याकडे तीन गोष्टी फार छळतात. थंडी, खारं पाणी आणि मार्च-एप्रिलचा कोरडा वारा. ह्याच तीन गोष्टी ह्या फुलाला चालतात, एवढंच नाही तर दोन तर लागतातच. हे कळलं तेव्हाच मी दोन गुंठे बाजूला काढले.

पहिली थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवणारा घड गळ्यातच अडकतो. आपण रात्री पाणी सोडतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. स्टॅटिसचं उलट. रोप कोवळं असताना त्याला गारवा मिळालाच पाहिजे, साधारण ११ ते १३ अंश, सहा ते आठ आठवडे. तो मिळाला की दांडा वेळेवर निघतो. नाही मिळाला तर पानांचा गड्डा तसाच बसून राहतो. आपल्याकडे दिवसा ऊन असलं तरी रात्री चांगल्या गार होतात, तेवढ्यावर माझं भागलं. ज्या रात्री मी केळीत धूर करत होतो, त्याच रात्री खालच्या वावरात फुकटात काम होत होतं.

दुसरं खारं पाणी. पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून येते आणि आपल्या चांगदेवला तापीला मिळते. माझ्या खालच्या वावरातल्या बोअरचं पाणी जिभेला लागतं. केळीला ते पाणी दिलं की पानाच्या कडा जळतात, म्हणून तो तुकडा दरवर्षी ज्वारी नाहीतर दादरवर जायचा. स्टॅटिस समुद्रकाठचं झाड. त्याच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, झाड जादा मीठ घामासारखं बाहेर काढतं. पण म्हणून चोपणात लावा असं मी म्हणत नाही. खारं चालतं, साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. मुळी कुजते. त्यामुळे गादीवाफा आणि ठिबक पाहिजेच.

तिसरा कोरडा वारा. त्याचं पुढे वाळवणीत सांगतो.

आता लागवड. बी सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमध्ये कोकोपीटवर टाकलं. वरून अगदी हलकं झाकायचं. उगवायला १८ ते २१ अंश बरे असतात आणि आपला ऑक्टोबर तर तापलेला. म्हणून ट्रे गोठ्याच्या उत्तरेच्या भिंतीला, डबल शेडनेटखाली, खाली ओलं गोणपाट टाकून ठेवले. तरी बरीच रोपं मरीनं गेली. ऑक्टोबर हिटमध्ये हे होणारच, बी थोडं जास्तीचं धरा. पाच-सहा पानांवर रोपं आली तेव्हा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावली. एक बाय एक फुटावर. रोपाचा गड्डा मातीत गाडायचा नाही, जमिनीच्या वरच ठेवायचा, नाहीतर तिथून सड लागते. दोन गुंठ्यांत हजारभर रोपं शेवटपर्यंत टिकली. युरियाचा मोह आवरा. नुसतं पान माजतं आणि दांडा मऊ होतो. धुकं पडलं की पानावर आणि दांड्याच्या पट्टीवर करड्या बुरशीचं भ्या असतं, म्हणून पाणी सकाळीच द्यायचं आणि खालची पिवळी पानं काढत राहायचं.

तोडणी. ही घाईची गोष्ट नाही. गुलाब कळीत कापतात, पुढे तो घरी उमलतो. हे तसं नाही. झुबक्यातले जवळजवळ सगळे कोश उघडून रंगावर आले की मगच कापायचं. अर्धवट कापलं तर पुढे उघडत नाही, तसंच राहतं. सकाळी दव सुकल्यावर कापायचं, ओलं कापायचं नाही. झाडाला सरासरी आठ चांगले दांडे मिळाले. दहा दांड्यांची एक जुडी, म्हणजे आठशेच्या आसपास जुड्या. त्यातल्या तीनशे ताज्या गेल्या, काही जळगावला डेकोरेशनवाल्याकडे, काही भुसावळहून रेल्वेने मुंबईला. राहिलेल्या पाचशे वाळवल्या.

वाळवणीचं सगळं काम आमच्या घरच्यांनी केलं. मी फक्त तार ताणून दिली. मागची दहा बाय बारा फुटांची खोली, जिथे पूर्वी कापूस भरायचो, तिच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. वारा फिरला पाहिजे पण ऊन आलं नाही पाहिजे. उन्हात रंग उडतो. खालची पानं काढून जुडी बांधायची आणि दांडा वर, फूल खाली असं टांगायचं, म्हणजे दांडा सरळ वाळतो. आमच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुतळीनं बांधू नका, दांडा वाळून बारीक होईल आणि जुडी गळून पडेल. रबर लावा." रबर दांड्याबरोबर आवळत जातं. पाचशे जुड्यांत दहासुद्धा खाली पडल्या नाहीत.

मार्चचा आपला वारा तुम्हाला माहीत आहे. केळीची पानं फाडून चिंध्या करतो, म्हणून आपण बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो. तोच वारा त्या खोलीत आला आणि पहिली घाणी दहा-बारा दिवसांत कडक वाळली. दमट मुलखात ह्याच कामाला जास्त दिवस लागतात, वर बुरशीची टांगती तलवार. दांडा वाकवला आणि कट्टकन मोडला की वाळलं समजायचं. निळा-जांभळा रंग जसाच्या तसा राहिला, पिवळाही चांगला. फिका गुलाबी बराच उडाला. पुढच्या वेळी गुलाबी लावणार नाही.

आता मुद्द्याचं. हे मी केळीच्या दुःखातून लिहितोय.

आपण केळी वर्षभर लेकरासारखी सांभाळतो. घड कापणीला आला की आपल्या हातात मोजके दिवस. व्यापाऱ्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बोर्डावर एक भाव, बांधावर दुसरा. "आज गाडी नाही", "वर माल पडून आहे", "परवा पाहू". परवा गेला की तेरवा. उन्हाळ्यात घड झाडावर पिवळा पडायला लागतो, साल फाटते, मग तोच माणूस येतो आणि म्हणतो, "आता हा माल कोण घेईल काका?" मागच्या मे महिन्यात माझ्या मृगबागेचं असंच झालं. आठ दिवस वाट पाहिली आणि शेवटी त्याने म्हटलं त्या भावाला दिला. नाव घेत नाही. तुमच्याही गावात असा एक असेलच. दसऱ्याच्या झेंडूचं तरी वेगळं काय? संध्याकाळी बाजार उठला की उरलेला माल तिथेच टाकून शेतकरी घरी येतो. मालाची किंमत आपण ठरवत नाही, माल नासायचे दिवस ठरवतात.

मार्चच्या शेवटी वाळलेल्या फुलांसाठी बाहेरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. केळीवाल्याचीच भाषा. माल जास्त झालाय, आजच्या आज सगळा पाठवा, अमुक भाव देतो. भाव ऐकून भाडंही निघालं नसतं. सवयीने मी "बरं पाहतो" म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्या घरच्या बाजूला जुड्या मोजत होत्या, त्या मोठ्याने बोलल्या, "त्यांना म्हणा, आम्हाला घाई नाही. खोली आमची हाये आन् फुलं मरत नाहीत."

मी फोनवर तेच सांगितलं, जरा नरम शब्दांत. तीस वर्षं शेती करतोय मंडळी, व्यापाऱ्याला "थांबतो" म्हणायची ही पहिली वेळ. समोरचा गप्पच झाला. त्याला ते उत्तर शेतकऱ्याकडून ऐकायची सवय नव्हती आणि मला द्यायची. पाच आठवड्यांनी, लग्नसराईत, जळगावच्या डेकोरेशनवाल्याने आणि दोन दुकानांनी मिळून साडेतीनशे जुड्या उचलल्या. पहिल्या फोनच्या भावापेक्षा बऱ्या भावाने. दर आकड्यात मुद्दाम लिहीत नाही. एका माणसाच्या एका वर्षाच्या भावावर गावं भरून लावणी होते आणि पुढच्या वर्षी सगळेच बसतात, हे आपण पपईत आणि आल्यात पाहिलंय.

आता अडचणी, नीट वाचा.

एक, थांबता येतं म्हणजे कायम थांबता येतं असं नाही. मृग लागला की हवेत ओल येते. वाळलेलं फूल ती ओल पिऊन घेतं, मऊ पडतं, बुरशी धरतं. त्यामुळे मेअखेर माल गेला पाहिजे, नाहीतर खोक्यात वर्तमानपत्र घालून, पॉलिथिनमध्ये बंद करून कोरड्यात ठेवला पाहिजे. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली की आपला थांबायचा काळ संपला असं धरून चाला.

दोन, गिऱ्हाईक कमी. देशात वाळलेल्या फुलांचा मोठा धंदा तामिळनाडूत तुतिकोरीनला आणि कोलकात्याला आहे. आपल्या जिल्ह्यात बाजार समितीत नेऊन ओतावं असं हे पीक नाही. आधी घेणारा शोधा, मग बी टाका.

तीन, मजुरी. कापणं, पानं काढणं, बांधणं, टांगणं, सगळं हाताचं आणि बसून करायचं. आमच्या घरात तीन बायामाणसं होती म्हणून जमलं. त्यांचा रोज हिशोबात धरा. घरचा आहे म्हणून फुकट नसतो. आमच्याकडे ह्या वर्षी तो वेगळा काढून त्यांच्याच खात्यात टाकला.

चार, एप्रिल. ३८-४० अंश झाले की झाड संपलं. नवीन दांडे आखूड आणि वेडेवाकडे येतात. आपल्याकडे हे तीन महिन्यांचंच पीक समजा.

केळी काढून हे लावा असं कोणी माझ्या नावावर सांगितलं तर ऐकू नका. दोन गुंठ्यांनी घर चालत नाही. पण जो तुकडा खारा म्हणून पडीक राहतो आणि जी खोली उन्हाळ्यात रिकामी असते, त्यातून हे उभं राहिलं. आणि व्यापाऱ्यापुढे मान खाली न घालता एक वाक्य बोलता आलं, ते कुठल्या वहीत लिहायचं मला कळलेलं नाही.

ह्या वर्षी पाच गुंठे करतोय. जांभळा आणि पिवळा, दोनच रंग. बी सप्टेंबरच्या शेवटीच टाकणार. त्याआधी मागच्या खोलीचं गळकं पत्र बदलायचं आणि आणखी चार तारा ताणायच्या. आमच्या घरच्यांनी सांगून ठेवलंय, आधी खोली, मग बी.