तीनशे पानांचे आयुष्य

फाशीची शिक्षा झालेला कैदी कोठडीत बसून काय करत असेल? कुणी देवाचे नाव घेतो, कुणी भिंतीकडे पाहत बसतो. चेन्नईच्या तुरुंगातल्या गौरीशंकर या कैद्याने १९९१ साली म्हणे स्वतःची जीवनकथा लिहून काढली. सुमारे तीनशे पाने भरली. बायकोच्या हाती ती वकिलाकडे पोहोचली आणि तिथून 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाकडे गेली.

हा गौरीशंकर म्हणजेच ऑटो शंकर. शहराला तेव्हा मद्रास म्हणत. जवळच तिरुवोत्तियूरला बुलेट मोटारसायकली बनत. पण या शहरातल्या सर्वांत कुप्रसिद्ध टोळीप्रमुखाला नाव मिळाले ते तीनचाकी रिक्षामुळे. जी रिक्षा एरवी मुलांना शाळेत सोडते, तिच्यातून तो किनाऱ्यालगतच्या गावांतली हातभट्टीची दारू शहरात आणी. दारूतून पैसा, पैशातून माणसे, मग वेश्याव्यवसाय असा त्याचा पसारा तिरुवान्मियूरच्या पेरियार नगरात वाढत गेला. १९८७-८८ या काळात सहा खून झाले. काही प्रेते घरांच्या आतच पुरली होती. शेजारच्यांना काहीच कळले नसेल का? की कळूनही बोलायची कुणाची छाती झाली नाही?

अखेर बेपत्ता माणसांच्या घरच्यांनी तक्रारी केल्या आणि १९८८ मध्ये हे प्रकरण उघडकीला आले. ऑगस्ट १९९० मध्ये शंकर चक्क तुरुंगातून पळाला आणि ओरिसातल्या राउरकेलात पुन्हा सापडला. ३१ मे १९९१ रोजी चेंगलपट्टूच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली.

आता त्या तीनशे पानांविषयी. बरेच सनदी व पोलीस अधिकारी शंकरशी संबंध ठेवून होते, काही तर त्याच्या गुन्ह्यांत भागीदार होते, असे त्यांत लिहिले असल्याचे साप्ताहिकाचे म्हणणे होते. लेखमाला जाहीर होताच जून १९९४ मध्ये तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकांचे पत्र आले : हे लिखाण शंकरचे नाही, छापाल तर कारवाई होईल. दारूच्या धंद्याकडे इतकी वर्षे डोळेझाक करणारी यंत्रणा कागदाला मात्र लगेच घाबरली!

संपादक आर. राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी न्या. जीवन रेड्डी आणि न्या. सुहास सेन यांनी निकाल दिला. पाने खरोखर शंकरची की नाहीत, या प्रश्नात ते शिरले नाहीत. बदनामी होईल या भीतीने सरकार किंवा अधिकारी छपाई आधीच रोखू शकत नाहीत. छापल्यावर हवी तर दाद मागावी, असे त्यांनी सांगितले. शंकरचे आयुष्य सरकारी दप्तरात जेवढे नोंदलेले आहे तेवढे त्याच्या संमतीवाचूनही छापता येईल. त्यापलीकडे गेल्यास मात्र त्याच्या खाजगीपणावर आक्रमण ठरू शकेल.

सहा खुनांतल्या गुन्हेगाराला कसला आला खाजगीपणा, असे कुणीही चिडून विचारील. पण याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. अत्याचार झालेल्या किंवा पळवून नेलेल्या स्त्रीचे नाव दप्तरात असले, तरी ते छापून तिची पुन्हा विटंबना करू नये, असे न्यायालयाने बजावले. पेरियार नगरातल्या त्या घरांत ज्या मुलींची आयुष्ये मातीमोल झाली, त्यांच्यासारख्यांसाठी हे वाक्य किती मोलाचे!

अमेरिकेत हेल्स एंजल्स या बदनाम मोटारसायकल टोळीचा म्होरक्या सॉनी बार्जर याने २००० साली आत्मचरित्र छापले. ते हातोहात खपले आणि २०२२ मध्ये तो म्हातारपणी वारला. शंकरला तेवढे वय मिळाले नाही. २७ एप्रिल १९९५ रोजी सेलमच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली.

त्याच्या नावाचा खटला मात्र संपला नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या जुन्या निकालाचा आधार घेतला गेला. २०१९ साली शंकरवर वेब मालिकाही निघाली. शीर्षकात अर्थातच त्याचेच नाव होते. मेलेल्या सहा जणांची नावे आज त्यांच्या घरच्यांखेरीज कोण सांगू शकेल?