जिथे गुण मिळत नाहीत अशी पंधरा मिनिटे



खेळणाऱ्या मुलींच्या आया हल्ली बस्तीत भेटल्या की एकच तक्रार करतात. स्पर्धा जवळ आली की पोरीची झोप उडते. कोणाची मुलगी कबड्डी खेळते, कोणाची बॅडमिंटन. आमची नात दहावीत आहे आणि १० मीटर एअर रायफल नेमबाजी करते.

अहिंसेच्या घरात रायफल कशी, असे तुमच्यातल्या काहींनी विचारले होते. छऱ्याने कागद फुटतो, जीव दुखावत नाही, एवढेच माझे उत्तर. शिवाय कोल्हापूरच्या मुलींना या खेळाची ओढ लागणारच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवले.

हा खेळ बघायला अगदी शांत, पण त्यातला ताण वेगळाच. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. ६० वेळा नेम धरायचा. छाती धडधडली तरी रायफलचे टोक हलते. धावणाऱ्या मुलीची भीती पायांतून निघून जायला वाट असते. हिला मात्र भीतीसकट स्थिर उभे राहावे लागते.

त्यात शाळा, क्लास, सराव. सूर्यास्ताआधी जेवण व्हावे म्हणून डबा रेंजवरच जातो. दहावीला क्रीडागुणांची सवलत असते, ती चांगलीच आहे, पण त्यामुळे खेळही गुणपत्रिकेत येऊन बसतो. म्हणजे पोर सकाळपासून रात्रीपर्यंत कोणत्या ना कोणत्या हिशेबात. मागच्या वर्षी एका स्पर्धेच्या सकाळी तिला उलटी झाली. घरी आल्यावर म्हणाली, "आज्जी, मला आता खेळायचंच नाही." आवडीने धरलेला खेळ पोर भीतीने सोडते आहे, हे मला फार लागले.

तिच्या सरांशी बोलून आम्ही रोज रात्री पंधरा मिनिटांचा योग सुरू केला. त्यात नवीन काही नाही, बरेचसे आपल्याच घरातले आहे.

आधी दोन-तीन मिनिटे कायोत्सर्ग, उभ्यानेच. कुंभोज बाहुबलीची २८ फुटी मूर्ती आठवायची. हात सैल सोडलेले, भार दोन्ही पायांवर सारखा, जबडा आणि खांदे ढिले. नेमबाजालाही उभेच राहायचे असते, म्हणून तिला हे पटकन जमले.

मग श्वास. चार अंक मोजत घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा. सोडणे लांब असले की हृदयाची गती उतरते आणि शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. श्वास कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही.

त्यानंतर नऊ वेळा णमोकार मंत्र, एका मंत्राला तीन श्वास, म्हणजे २७ श्वासोच्छ्वास. आपल्या कायोत्सर्गाचे हे माप आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मोजणीत मन गुंतले की उद्याच्या स्पर्धेचे विचार जरा मागे सरतात. शेवटी भ्रामरीचे पाच-सहा गुंजारव आणि दिवा मालवून शवासन. त्यात झोप लागली तरी हरकत नाही.

एक नियम मात्र मी कडक ठेवला. या पंधरा मिनिटांत कोणी काही मोजणार नाही. "आज कसं झालं गं?" असेही विचारायचे नाही. योगासनाला डिसेंबर २०२० मध्ये सरकारने स्पर्धात्मक खेळाची मान्यता दिली, मुले त्यात पदके मिळवतात, त्याचा आनंदच आहे. पण ताणाने दमलेल्या मुलीला तोही आणखी एक पेपर वाटला, तर आपण तिला दिले काय?

मी बी.कॉम., त्यामुळे वहीत नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. दोनच रकाने आखले, झोप आणि भूक. पहिला आठवडा नुसत्या जांभया आणि हसणे. तिसऱ्या आठवड्यात दहाच्या सुमारास झोप लागू लागली. सकाळी दूध-पोहे पोटात जाऊ लागले. नेमबाजीच्या गुणांचा रकाना मी आखलाच नाही.

पुढच्या स्पर्धेत सुरुवातीला तिचे हात थरथरले. तिने रायफल स्टँडवर ठेवली, तीन लांब श्वास सोडले आणि पुन्हा उचलली. पदक मिळाले नाही. पण घरी येऊन दोन थालीपिठे खाल्ली आणि सोमवारी आपणहून सरावाला गेली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. योग म्हणजे सगळ्यावरचे औषध नव्हे. झोप दोन-दोन आठवडे उडाली, मूल जेवेना, कोणाशी बोलेना, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलले, तर उशीर न करता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. त्यात लाज कसली? सिमोन बाइल्ससारखी जिम्नॅस्ट २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनाची स्थिती ठीक नाही म्हणून सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाजूला झाली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनेच तीन सुवर्णपदके जिंकली. थांबणे म्हणजे संपणे नव्हे, हे आपल्या मुलींना कळू द्या.

आणि "योग करतेस ना, मग रडतेस कशाला?" असे कधी म्हणू नका. रडू आले तर येऊ द्यावे.

आज संध्याकाळी सामायिकाला बसाल तेव्हा लेकीला किंवा नातीला शेजारी बोलवा. ४८ मिनिटांचा आग्रह नको. नऊ णमोकार पुरे. तिचे डोळे मिटलेले असताना ती नीट करते आहे की नाही, हे मात्र चोरून बघू नका.